न्यायाधीशांच्या शेजारची खुर्ची

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे मूल पाढे पाठ करू लागते त्याच सुमारास त्याच्या कानांवर पडते. भावाभावांच्या वाटण्या, बांधावरचे तंटे, न निघणारे भाडेकरू आणि न मिळणारे हप्ते यांनी पोळलेल्या पिढ्यांनी ती म्हण घडवली आहे. तिला खोटे म्हणण्याचे धारिष्ट मला नाही. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत आज चार कोटींहून अधिक प्रकरणे निकालाची वाट पाहत पडून आहेत. तेव्हा शहाण्यांनी दूर राहिलेले बरे, असे कुणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

पण अलीकडे एक नवल पाहायला मिळते. चांगल्या घरची, चांगले गुण मिळवणारी मुले-मुली ही पायरी आपण होऊन चढू लागली आहेत, आणि तीही कायद्याच्या महाविद्यालयात पाऊल टाकण्याच्या आधी! ती वादी म्हणून जात नाहीत, प्रतिवादी म्हणून जात नाहीत, साक्षीदार म्हणूनही नाही. न्यायाधीशांच्या आसनाच्या बाजूला एखादी साधी खुर्ची टाकलेली असते, तिच्यावर महिनाभर गप्प बसण्यासाठी ती जातात.

याला इंग्रजीत 'इंटर्नशिप' म्हणतात आणि सरकारी मराठीत 'आंतरवासिता'. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला दोन्ही शब्दांपेक्षा आपला जुना 'उमेदवारी' हा शब्द जवळचा वाटतो. शिंप्याच्या दुकानात काजे करणारा पोरगा, छापखान्यात खिळे जुळवायला शिकणारा मुलगा, सोनाराच्या भट्टीशी फुंकणी धरून बसणारा पोर हे सगळे 'उमेदवारी' करीत. त्या शब्दात उमेदही आहे आणि अजून आपण कोणी नाही याची जाणीवही आहे. न्यायाधीशांच्या शेजारी बसणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागतात.

कायद्याचे शिक्षण सुरू झाल्यावर अशी उमेदवारी सक्तीचीच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान वीस आठवडे ती करावी लागते. पण महाविद्यालयात नाव लागण्यापूर्वी जो जातो त्याच्यासाठी असा कुठला नियम नाही. त्याला हक्क नाही, विद्यावेतन नाही, प्रमाणपत्राची खात्री नाही. एखाद्या न्यायाधीशाने आपुलकीने 'ये, बस' म्हटले तरच ती खुर्ची मिळते. साहजिकच तिच्यासाठी करायच्या तयारीचा अभ्यासक्रमही कुणी छापलेला नाही. आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात तो अभ्यासक्रम आम्हांलाच तयार करावा लागला.

काळा कोट आणि चारसोबीस

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बी. ए. झाली. तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा तिने दिली. प्रवेश पुरे व्हायला पावसाळा उजाडणार होता. मधल्या काळात घरी बसण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात महिनाभर बसू द्यावे, असा अर्ज तिने एका न्यायाधीशांकडे केला आणि तो मान्य झाला. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना सुट्टी असते. ती संपली की जूनमध्ये यायचे, असे ठरले. वक्तृत्वस्पर्धांतून ढाली आणि पेले मिळवणारी ही मुलगी. त्यामुळे घरात आनंदीआनंद झाला आणि प्रत्येक जण आपापल्या परीने तयारीला लागला.

ताईने प्रथम काळा कोट शिवायला टाकण्याची गोष्ट काढली. गळ्यातल्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्याही हव्यात असे तिचे म्हणणे. तिला समजावून सांगावे लागले, की पट्ट्या आणि गाऊन हा सनद मिळालेल्या वकिलांचा वेष आहे. तो अंगावर चढवून न्यायालयात जाणे म्हणजे जे आपण नाही ते असल्याचा देखावा करणे. साधा पांढरा सलवार-कुडता ठरला.

मग एका शेजाऱ्यांनी आपल्या वडिलांच्या कपाटातले भारतीय दंड संहितेचे जाडजूड पुस्तक प्रेमाने आणून दिले. ते घेऊन भाची माझ्याकडे आली.

"मामा, हे महिनाभरात पाठ होईल?"

"पाठ करून काय करशील? १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तुमच्या सिनेमातला 'दफा ३०२' आता एकशेतीन झाला आणि आपला जन्माचा सोबती 'चारसोबीस' तीनशेअठरा होऊन बसला."

"म्हणजे हे पुस्तक रद्दीत?"

तसेही नाही. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेप्रमाणे चालतात. तेव्हा काही वर्षे न्यायालयात दोन्ही पुस्तके शेजारीशेजारी नांदणार. पण कलमे शिकवायला पुढे तीन वर्षे आणि चांगले अध्यापक आहेत. न्यायाधीशांना आपल्या बाजूला बसलेल्या मुलीकडून कलमांची अपेक्षा नसते. मग अपेक्षा कशाची असते? त्या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांला पुस्तकात न सापडता घरातच सापडले.

आधी एक पत्र

माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा एक दावा आहे. समोर सख्खा चुलतभाऊ. दाव्याला चौदा वर्षे झाली. या चौदा वर्षांत दोन्ही घरांतली लग्ने एकमेकांच्या आमंत्रणांशिवाय पार पडली. आणि हा दावा त्याच इमारतीत चालू आहे, जिथे मुलगी जाऊन बसणार होती.

बातमी कळताच दाजींचे एक मित्र पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आता काय, पोरगीच साहेबांच्या शेजारी बसणार! मग काळजी कसली?" सगळे हसले. दाजीही हसले. पण रात्री जेवणानंतर त्यांनी मुलीला हळूच म्हटले, "दुसरं काही करू नकोस. आपली फाईल कुठं अडकलीय, तेवढं फक्त बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्याकडे आली. तिचा चेहराच सांगत होता.

"मामा, फक्त बघायला काय हरकत आहे?"

मी म्हटले, "समज, तुझ्या त्या चुलतकाकांची मुलगी तिथं जाऊन बसणार असती आणि तिनं फक्त बघितलं असतं, तर?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मी पत्र लिहून कळवलं आणि त्यांनी येऊ नको म्हटलं तर?"

"तर जायचं नाही."

आपल्या मुलांना आपण रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल, १७७३ साली, प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो निःस्पृह न्यायाधीश प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण ती गोष्ट सत्ताधाऱ्यासमोर ताठ उभे राहण्याची आहे, आणि तसा प्रसंग आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. आपल्या वाट्याला येतो तो दुसरा प्रसंग. समोर पेशवा नसतो, आपला बाप असतो; तोही दुष्ट नसतो, चौदा वर्षे थकलेला असतो; आणि तो काही फार मागतही नसतो. अशा वेळी 'नाही' म्हणणे मला तरी अधिक कठीण वाटते. आपल्याच प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व जगभरच्या न्यायशास्त्राने मानले आहे. त्याची सावली न्यायाधीशाच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवरही पडतेच.

तिने पत्र लिहिले. चार ओळींचेच. माझ्या वडिलांचा एक दावा या न्यायालयात प्रलंबित आहे, अर्ज करताना ही गोष्ट मी नमूद केलेली नव्हती, ती कळवणे माझे कर्तव्य आहे, आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल. पत्र पाठवण्याआधी तिने ते वडिलांना वाचून दाखवले.

दाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ताई माझ्यावर रागावली. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी चहाच्या कपाबरोबर एक चिठ्ठी मुलीपुढे सरकवली. तिच्यावर दाव्याचा नंबर आणि साल लिहिले होते. "नुसतं 'एक दावा' असं लिहिलंस तर त्यांना कळणार कसं? नंबर नीट घाल," एवढेच म्हणाले आणि बाहेर गेले.

आठ दिवसांनी न्यायालयाच्या कार्यालयातून निरोप आला. यायला हरकत नाही. मात्र तो दावा ज्यांच्यापुढे आहे त्या न्यायाधीशांकडे न बसता दुसऱ्या एका न्यायालयात बसावे. तिथल्या न्यायाधीश एक बाई होत्या.

हे ऐकून मला बरे वाटण्याचे आणखी एक कारण होते. ही खुर्ची बायकांना सहजासहजी मिळालेली नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पण बायकांना वकिली करू देणारा कायदा हिंदुस्थानात व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर पहिली स्त्री, सुजाता मनोहर, बसल्या त्या १९७८ साली. म्हणजे त्या न्यायालयाला शंभरावर सोळा वर्षे होऊन गेल्यानंतर!

विशेषणे खोडण्याचा अभ्यास

आता माझी पाळी आली. मराठीच्या मास्तराने न्यायालयाची तयारी काय करून घ्यावी, असे कुणी विचारील. पण न्यायखात्याचे आणि मराठीचे नाते जुने आहे. १८७८ साली पुण्याला जे पहिले मराठी ग्रंथकार संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष न्यायखात्यातलेच महादेव गोविंद रानडे होते. आणि २०२३ साली वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे नरेंद्र चपळगावकर हे आधी काही काळ मराठी शिकवीत होते; पुढे ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत हे येणेजाणे चालूच राहिले आहे.

शिवाय प्रश्न व्यवहाराचाही आहे. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. पण महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तशी अधिसूचना राज्य सरकारने १९९८ साली काढली. खेड्यातल्या माणसाचे आयुष्य ज्या न्यायालयात ठरते तिथे तो मराठीतच बोलतो.

मात्र ही मराठी आपल्या दिवाणखान्यातली नव्हे. म्हणून पहिला आठवडा आम्ही शब्दांत घालवला. घरात 'कैफियत' म्हणजे गाऱ्हाणे. दिवाणी न्यायालयात 'कैफियत' म्हणजे प्रतिवादीने दाव्याला दिलेले लेखी उत्तर. घरात 'निशाणी' म्हणजे खूण. तिथे प्रत्येक कागदाला पडणारा क्रमांक. 'दरखास्त' म्हणजे निकाल लागल्यावर तो अमलात आणण्यासाठी पुन्हा करावा लागणारा अर्ज. निकाल हाती आला म्हणजे जमीन हाती आली असे नव्हे, हे त्या एका शब्दातच कळते. 'पुरसीस' म्हणजे पक्षकाराने न्यायालयाला दिलेले छोटे लेखी निवेदन. साक्षीदाराला त्याचाच वकील विचारतो ती 'सरतपासणी', समोरचा वकील विचारतो ती 'उलटतपासणी'. दिवाणी दाव्यांत २००२ सालापासून सरतपासणी बहुतेक प्रतिज्ञापत्रावर लिहूनच येते. त्यामुळे साक्षीदाराचा खरा आवाज ऐकू येतो तो उलटतपासणीतच. तिथे कान टवकारून बसायचे, हे तिने वहीत लिहून ठेवले.

दुसऱ्या आठवड्याचा अभ्यास अधिक अवघड होता. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती, आणि गाड्या लावण्याच्या जागेवरून दोन कुटुंबांत महिनाभर धुमसत होते. मी भाचीला मागच्या खुर्चीवर बसवले आणि सांगितले, "दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून आण. तुझं काही नको."

तिने दोन पाने लिहून आणली. मी लाल पेन घेतले. 'ते उर्मटपणे म्हणाले' यातले 'उर्मटपणे' खोडले. 'बिचाऱ्या काकूंनी' यातले 'बिचाऱ्या' खोडले. 'उगाच' खोडले, 'साहजिकच' खोडले, 'अर्थातच' खोडले. असे अकरा शब्द गेले.

"मामा, ते खरंच उर्मटपणे बोलत होते!"

"ते काय बोलले, किती मोठ्यांदा बोलले, बोलताना उभे होते की बसले होते, हे लिही. उर्मटपणा वाचणाऱ्याला दिसेल तर दिसू दे."

"पण मग उरतं काय?"

"जे उरतं त्याला पुरावा म्हणतात."

वक्तृत्वस्पर्धेतल्या मुलीला हा अभ्यास फार जड जातो. तिथे तिला शिकवलेले असते की विषय हातात पडताच बाजू घ्यावी. इथे बाजू न घेता तासन् तास बसायचे. त्यातही पहिला माणूस बोलला की तो खरा वाटतो. दुसरा बोलला की तो खरा वाटतो. दोन खरी वाटणारी म्हणणी मनात धरून बसण्याची सवय वादविवादाच्या ढालीपेक्षा वेगळी असते. ती करून घ्यायला आम्हांला तीन सभा, एक पाळीव कुत्र्याचे भांडण आणि घरातली चकलीच्या भाजणीवरची चर्चा एवढी सामग्री पुरली.

एक शब्द, तीन न्यायालये

एका शब्दावर किती अवलंबून असते हे तिला कळावे म्हणून मी एक खरा खटला तिच्याकडून वाचून घेतला. तो 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. १९७२ सालच्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. सत्र न्यायालयाने मुलीची संमती होती असे मानून आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, की भीतीपोटी मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे, आणि शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले.

साक्षीपुरावा तोच, मुलगी तीच. तीन न्यायालयांनी 'संमती' या एका शब्दाचे माप वेगवेगळे घेतले. १९७९ साली दिल्लीच्या उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार व पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर चळवळ झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले.

ते वाचून झाल्यावर भाचीने वहीत फक्त दोन शब्दप्रयोग एकाखाली एक लिहिले: 'संमती देणे' आणि 'मुकाट्याने सोसणे'. मधे एक रेघ ओढली. मी काही बोललो नाही.

उघडे दार, बंद दार

न्यायालय हे उघड्या दाराचे असते. कुणीही यावे आणि मागच्या बाकावर बसून ऐकावे, ही आपल्या कायद्याची रीत आहे. गंमत म्हणजे हे दार अधिक उघडण्यात एका उमेदवाराचाच हात लागला. स्वप्नील त्रिपाठी हा कायद्याचा विद्यार्थी. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी आणि शुक्रवारी इंटर्न मुलांना दालनात जाऊ देत नसत; त्याविरुद्ध त्याने अर्ज केला. २०१८ सालच्या सप्टेंबरमध्ये त्याच प्रकरणात निकाल लागला आणि महत्त्वाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण करण्याचे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. २०२२ सालच्या सप्टेंबरपासून घटनापीठांचे कामकाज घरबसल्या दिसू लागले.

पण काही दारे बंदच असली पाहिजेत. बलात्काराचे खटले बंद दालनात चालतात. तीही १९८३ च्याच कायद्याची देणगी. असे प्रकरण पुकारले गेले की कुणी 'जा' म्हणण्याची वाट न पाहता वही मिटायची आणि बाहेर जायचे. आणि न्यायाधीशांच्या आतल्या खोलीत जे कानांवर पडेल, कच्चा आदेश, एखादी शंका, एखादा उसासा, ते घरी आणायचे नाही. फोनवरच्या गटांत तर मुळीच टाकायचे नाही. या नियमाचा सगळ्यांत मोठा फटका ताईला बसला. "एवढी मुलगी कोर्टात बसते, आणि घरी येऊन सांगते काय, तर डबा छान होता!" अशी तक्रार तिने महिनाभर माझ्यापाशी केली.

'व्हय' म्हणणारी म्हातारी

जूनमध्ये ती जाऊ लागली. सकाळी बोर्डावरची प्रकरणे पुकारली जातात; निम्म्यांना पुढची तारीख मिळते; मग जामीन, मग साक्षी. एकाच खुर्चीवरच्या बाई कधी फौजदारी प्रकरण ऐकतात, तर कधी दिवाणी. पहिले चार दिवस तिला काही कळले नाही. पाचव्या दिवशी कळू लागले. आणि तिसऱ्या आठवड्यात, उघड्या न्यायालयात घडलेला आणि म्हणून सांगण्यासारखा एक प्रसंग तिने नावगाव गाळून मला सांगितला.

साक्षीच्या पिंजऱ्यात एक म्हातारी उभी होती. जमिनीचा दावा. समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, "सदर मिळकत प्रतिवादीच्या निर्वेध कब्जेवहिवाटीत आहे, हे म्हणणे खरे आहे काय?"

म्हातारी म्हणाली, "व्हय."

लघुलेखकाची बोटे हलली. न्यायाधीशबाईंनी हात वर करून त्याला थांबवले.

"आजी, प्रश्न समजला का?"

"न्हाई बाईसाहेब. वकीलसाहेब एवढं मोठ्या माणसावानी बोलल्यात, म्हून व्हय म्हनलं."

बाईंनी वकिलांना तोच प्रश्न साध्या बोलीत विचारायला सांगितले. वकिलांनी जरा नाराजीनेच विचारले, "ते शेत आता कोण कसतं?"

"मीच की! मालक गेल्यापास्नं मीच कसतीया."

बाईंनी दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यायला लावली आणि पुढे काम चालू केले. म्हातारीच्या बाजूने त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने प्रतिवादीचा साक्षीदार उभा राहिला. तो एका प्रश्नाला अडखळला, तेव्हा त्यालाही त्यांनी त्याच आवाजात विचारले, "प्रश्न समजला का?"

"मामा," भाची म्हणाली, "निकाल काय लागेल मला माहीत नाही. त्या आजी खरं बोलत होत्या की नाही, तेही माहीत नाही. पण ते 'व्हय' तसंच कागदावर गेलं असतं तर वरच्या कोर्टाला ते 'होय' म्हणूनच दिसलं असतं. तिथं इंग्रजीत 'येस' झालं असतं."

महिनाभराच्या उमेदवारीत तिने किती कलमे उचलली मला ठाऊक नाही. ऐकलेले आणि समजलेले यांत अंतर असते, आणि ते अंतर विचारून कमी करायचे असते, एवढे जरी तिच्या पदरात पडले असेल तरी ती खुर्ची सत्कारणी लागली असे मी समजतो.

ज्यांच्या घरची मुले या वाटेने जाणार असतील त्यांनी त्यांच्या पिशवीत काय द्यावे? एक वही, दोन पेन, पाण्याची बाटली आणि डबा. आवाज बंद केलेला फोन. संविधानाची मराठी प्रत, रोज दोन पाने वाचायला. न्यायाधीशांना काय म्हणावे याची धास्ती नको; 'मायलॉर्ड' वगैरे काही लागत नाही. जिल्हा न्यायालयांत 'सर' किंवा आपल्या भाषेतला तसाच आदराचा शब्द वकिलांनाही चालतो, असा ठराव बार कौन्सिलने २००६ सालीच केला आहे. आणि घरात एखादा दावा असेल, नात्यागोत्यात असेल, वडिलांच्या भागीदाराचा असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधी एक पत्र. त्यात नंबर नीट घालावा.

त्या महिन्यात दाजींची एक तारीख पडली. त्या दिवशी बापलेक एकाच स्कूटरवरून गेले. इमारतीच्या दारात दाजी डावीकडच्या जिन्याने वर गेले, ती उजवीकडे वळली. संध्याकाळी दोघे एकत्रच परतले. वाटेत त्यांनी भाजी घेतली, पावसाचे बोलले, कॉलेजच्या फीचे बोलले.

आता तिचे कॉलेज सुरू झाले आहे. दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, असे मला ताईकडून कळले. मुलीने ती विचारलेली नाही, आणि दाजींनीही सांगितलेली नाही.